कोलंबस, इंडियाना : घर घ्यायचंय, पण कुठलं? आणि पुढे विकलं जाईल ना?

कर्वेनगरची

नमस्कार मंडळी. कोलंबस म्हणजे ओहायोतलं थोरलं नव्हे, इंडियानातलं धाकटं. वस्ती जेमतेम पन्नास हजार. पुण्याच्या एखाद्या प्रभागात याहून जास्त माणसं निघतील. पण इथल्या किराणा दुकानात मागच्या रांगेतून "अगं, कोथिंबीर घेतलीस का" असं ऐकू आलं तर दचकायचं नाही. ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथं, कारखाना कोथरूडला आणि फलटणला, आणि माझं कॉलेज कर्वेनगरचं, तेही कमिन्सच्याच नावाचं. त्यामुळे नशिबात कोलंबस होतंच म्हणायचं.

तीन वर्षं दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये काढली. लेक पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाईल, सासू-सासरे सहा महिने राहायला यायचेत. सासूबाई दर रविवारी फोनवर एकच वाक्य म्हणतात, "भाडं भरता त्यात हप्ता बसेल." दोघंही एच-वन-बी व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेतला आमचा नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक.

आतापर्यंत चार घरं पाहिली. डाउनटाउनजवळ १९२० च्या आसपासचं लाकडी दुमजली, पुढे ओसरीसारखा पोर्च. पाहताक्षणी जीव जडला. एव्हररोड पार्कात १९६२ चं विटांचं बैठं रॅन्च, तीन बेडरूम, २,३५,००० डॉलर मागतायत. टिप्टन लेक्सला १९८८ चं चार बेडरूमचं, मागे तळ्याचा एक कोपरा दिसतो, ३,७५,०००. आणि नैऋत्येला नवीन वस्तीत कोरं करकरीत, ३,१०,०००. तिथला सेल्समन क्लोजिंगचा, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्या-कागदांचा, खर्च बिल्डर देईल म्हणतोय.

नवरा नव्याच्या बाजूने, मी जुन्याच्या. इथं वीस-वीस वर्षं राहिलेली माणसं आहेत म्हणून विचारते. यातलं कुठलं घर पाच-सात वर्षांनी विकताना गळ्यात पडणार नाही?

सेमोरकर

रुमाल टाकून ठेवतोय. आम्हीही वीस मैल वर सरकायच्या विचारात आहोत.

फलटणचा_मुक्काम

कर्वेनगरताई, सासूबाईंचं गणित पुण्याचं आहे आणि पुण्यापुरतं बरोबर आहे. तिथं फ्लॅट जुना होतो, भिंतीला ओल येते, लिफ्ट बंद पडते, तरी भाव चढतो, कारण खाली जमीन आहे आणि ती आणखी होणार नाही. इथं कुठल्याही दिशेला दहा मिनिटं गाडी हाका, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. मागणी वाढली की त्याच मक्यात प्लॉट पडतात. म्हणून इथल्या भावाला वरून एक झाकण असतं : नवं घर बांधायला काय पडतं ते. जुनं घर त्याच्या वर फार काळ राहत नाही. जमिनीचा वाटा थोडा, बाकी सगळं लाकूड, छप्पर आणि फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी). आणि ते दरवर्षी म्हातारं होतं.

मी २००५ साली घेतलं. २०१३ मध्ये कर्ज बदलायला गेलो तर बँकेच्या माणसाने घेतल्यापेक्षा चार हजार कमी किंमत लावली. आठ वर्षं हप्ते भरून उणे चार हजार! मग २०२० नंतर तेच घर असं काही उसळलं की बायको रोज झिलोवर (घरांच्या अंदाजे किमती दाखवणारं संकेतस्थळ) आकडा बघून चहा प्यायची. पण घरात नवीन काही झालं नव्हतं. पैसा स्वस्त झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांवर आला होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ झाला.

हिशोब करून बघा. २,४०,००० डॉलरचं कर्ज ३ टक्क्यांनी घेतलं तर मुद्दल-व्याजाचा हप्ता १,०१२ बसतो. ७ टक्क्यांनी १,५९७. घर तेच, गवत तेच, महिन्याला ५८५ जास्त.

आता गंमत बघा. माझा दर आहे २.८७५. मुलं मोठी झाली, मला एक खोली जास्त हवीय, पण हे कर्ज सोडवत नाही. आमच्या गल्लीत असे सहा जण आहेत. म्हणूनच तुम्हाला बाजारात घरं दिसत नाहीत आणि जे दिसतं त्यावर पहिल्याच शनिवारी पाच ऑफर पडतात. दर चढले की भाव उतरतील असं सगळे म्हणत होते. उतरले नाहीत, कारण विकायलाच कोणी आलं नाही.

तळ्याकाठची

टिप्टन लेक्समध्ये माझी एकवीस वर्षं झाली, तेव्हा थोडं पक्षपाती बोलेन.

ही वसाहत आखून झालेली आहे. ज्या मिलर कुटुंबाने कमिन्स वाढवली त्यांच्याच कंपनीने १९८० च्या आसपास इथं तळी, पायवाटा, झाडी ठेवून प्लॉट पाडायला घेतले. म्हणून रस्ते वळणाचे आणि झाडं मोठी. नव्या वस्तीत झाड म्हणजे तारेने बांधलेली काठी. या झाडांची किंमत विकताना मिळते, आणि ऑक्टोबरात पानं गोळा करताना वसूलही होते.

असोसिएशनची फी आहे, तिचे नियम आहेत. शेजारच्या काकांनी कुंपण रंगवलं तर पत्र आलं. घर घेण्याआधी तो नियमांचा गठ्ठा मागून वाचा, विशेषतः तळ्याच्या काठाची देखभाल कोणाकडे येते ते.

१९८८ च्या घरात मी आधी वयं विचारीन. छप्पर किती वर्षांचं, फर्नेस आणि एसी किती, वॉटर हीटर किती, खिडक्या मूळच्या का. त्या वस्तीतली घरं बरोबरीने बांधलेली, त्यामुळे म्हातारपणही बरोबरीने येतं. शिवाय १९७८ ते १९९५ च्या दरम्यानच्या बऱ्याच अमेरिकन घरांत करड्या रंगाचे पॉलिब्युटिलिन पाइप टाकले आहेत. ते क्लोरीनने आतून ठिसूळ होतात. वॉटर हीटरच्या वर मान करून बघा, करडा वाकलेला पाइप दिसला की किमतीत बोला.

आणि देसी बाजाराचं एक खासगी सत्य. आपली माणसं पूर्वाभिमुख घर शोधतात आणि दक्षिणमुख बघितलं की एजंटला "कळवतो" म्हणतात. आमच्या गल्लीत एकाच नकाशाची दोन घरं एकाच उन्हाळ्यात निघाली होती. पूर्वमुख चार दिवसांत गेलं, दक्षिणमुख दिवाळीपर्यंत होतं. वास्तू मानू नका, पण विकताना मानणारे येतील हे धरून चाला. किंवा उलट करा, दक्षिणमुख घ्या आणि घासाघीस करा. मी तेच केलं.

कर्वेनगरची

तळ्याकाठची ताई, खूप आभार. टिप्टनचं घर नेमकं दक्षिणमुख आहे, हसू आलं. फलटणदादा, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "त्याला सांग, राहायला तरी झालं ना घर."

पाणी_पाहिलेला

भाव, दर, दिशा हे सगळं नंतर. आधी नकाशा उघडा आणि पाणी कुठून येतं ते बघा.

ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या कोलंबसलाच मिळतात आणि पुढे व्हाइट नदीची पूर्व शाखा सुरू होते. म्हणजे आपल्या मुळा-मुठेसारखं संगमावरचं गाव. पण २००८ मध्ये सगळ्यांना बुडवलं ते मोठ्या नदीने नव्हे, हॉ क्रीकने. एरवी त्या ओढ्याला कोणी नावानेही ओळखत नव्हतं. ७ जून, शनिवार. सकाळपासून कोसळत होता. आम्ही तेव्हा गावाच्या पूर्वेला भाड्याने राहायचो. दुपारी जेवण उरकून खिडकीपाशी आलो तर शेजाऱ्याची कचऱ्याची टोपली रस्त्याने स्वतःहून चालली होती. तासाभरात मोटारीच्या दाराच्या मधोमध पाणी. कोलंबस रीजनल हॉस्पिटलच्या तळघरात ओढा शिरला, वीज, प्रयोगशाळा, औषधं सगळं खालीच होतं. रुग्ण बाहेर काढावे लागले आणि दवाखाना परत सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

माझे वडील पानशेतच्या पुरात शनिवार पेठेत होते. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "भिंतीवर रेघ मारलीस का?" दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी खरंच पेन्सिलने रेघ मारली. मालकाने पुढच्याच महिन्यात भिंत रंगवून घर विकायला काढलं.

आता कामाचं बोलतो. साध्या घराच्या विम्यात पूर धरत नाहीत. त्यासाठी सरकारी पूरविमा वेगळा, इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानाला १,००,०००. घेतल्यापासून सहसा ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे ढग बघून धावण्यात अर्थ नाही. कर्ज देताना बँक सक्ती करणार असेल तर क्लोजिंगच्या दिवसापासून लागू होतो. बेसमेंटमधल्या सामानाला तो जवळजवळ काही देत नाही. सम्प पंप (बेसमेंटखाली साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) बंद पडून पाणी आलं तर तो पूर नव्हे, त्याला घराच्या विम्यात वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. वीज जाते तेव्हाच पाऊस पडतो, म्हणून पंपाला बॅटरी हवीच.

फेमाच्या (सरकारी आपत्ती खात्याच्या) नकाशात घर पूररेषेत आहे का एवढंच बघू नका. रेषेच्या बाहेरची घरंही त्या दिवशी भिजली. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, "२००८ ला इथं पाणी कुठवर होतं?" इथले म्हातारे खुशीने सांगतात, कॉफीही देतात. मालक फॉर्मवर "माझ्या माहितीप्रमाणे नाही" लिहून मोकळा होतो.

सेमोरकर

वाचून अंगावर काटा आला. पूररेषेतल्या घराला भाव कमी मिळतो का मग?

पाणी_पाहिलेला

पूर आल्यावर दोन-तीन वर्षं कमी मिळतो. मग लोक विसरतात. विमा मात्र विसरत नाही. पूरविम्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्यात धरला की गिऱ्हाइकाची ऐपत तेवढी घटते, भाव तिथं कमी होतो.

करकाकू

मी काही वर्षं टॅक्सच्या सीझनला लोकांचे कागद भरते, म्हणून हे माझ्याकडे.

इंडियानात मालमत्ता कराला कमाल मर्यादा आहे. स्वतः राहत्या घराला मूल्यांकनाच्या १ टक्का, भाड्याने दिलेल्या घराला २, दुकान-कारखान्याला ३. २००८ चा कायदा, २०१० मध्ये मतदान घेऊन राज्यघटनेतच घातला. मतदारांनी शाळेसाठी मंजूर केलेला जादा कर या मर्यादेत धरत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. टेक्सास, न्यू जर्सीतल्या मैत्रिणींना हा १ टक्का सांगितला की त्या गप्प होतात.

पण १ टक्का आपोआप लागत नाही. होमस्टेडचा, म्हणजे हे माझं राहतं घर आहे असा, अर्ज झाला पाहिजे. क्लोजिंगच्या कागदांत एक विक्रीचा फॉर्म असतो, त्यातच तो भरता येतो, पण भरला का हे काउंटी ऑडिटरकडे फोन करून विचारा. व्हिसा कुठला आहे याचा संबंध नाही, तुम्ही त्या घरात राहता का एवढंच. पुढे घर भाड्याने दिलंत तर ते कळवायचीही जबाबदारी तुमचीच. नाही कळवलं तर मागच्या वर्षांचा फरक दंडासकट येतो.

दुसरी गोष्ट, इथं कर एक वर्ष मागे चालतो. यंदाचा कर पुढच्या वर्षी १० मे आणि १० नोव्हेंबरला भरायचा. म्हणून जुनं घर घेताना विकणाऱ्याकडून त्याच्या वाट्याची रक्कम क्लोजिंगला वळती करून घेतात. ती रक्कम हातात आली की लोकांना वाटतं डिस्काउंट मिळाला, आणि सोफा घेतात. तो सोफा नाही, तो नोव्हेंबरचा कर आहे.

आणि झिलोच्या आकड्यावर भांडू नका. इंडियानात खरी विक्रीची किंमत त्या फॉर्ममुळे सार्वजनिक असते, राज्याच्या संकेतस्थळावर शोधता येते. काउंटीच्या नकाशावर प्रत्येक घराचं कार्डही आहे : बांधलं कधी, पाया कसला, बेसमेंट किती, कोणी कधी घेतलं. आपला सातबाराच समजा, फक्त तलाठ्याकडे खेटे न घालता.

साइडिंग_उडाली

करकाकूंच्या पोस्टला माझं हे घर पुरावा म्हणून जोडा. आम्ही कोरं घर घेतलं. बिल्डरचं नाव घेत नाही. त्याच्याच ओळखीच्या बँकेने एस्क्रोचा (हप्त्याबरोबर कर-विम्यासाठी घेऊन बाजूला ठेवतात त्या पैशांचा) हिशोब केला तो रिकाम्या प्लॉटच्या करावर. मूल्यांकन १ जानेवारीला होतं, तेव्हा तिथं फक्त चिखल होता. त्यामुळे पहिली बिलं चिल्लर आली. आम्ही खूश. मग पूर्ण घराचं बिल आलं, एस्क्रोत खड्डा पडला, आणि हप्ता महिन्याला चारशेहून जास्त वाढला. त्यातला निम्मा खरा कर, निम्मा मागची तूट भरायला. त्या वर्षी पुण्याची तिकिटं रद्द केली.

बाकी घर वाईट नाही. पण "नवीन आहे, खर्च नाही" हे विसरा. पडदे नाहीत, डेक नाही, मागे गवताऐवजी बियाणं मारलेली माती, आणि प्लॉटचा उतार घराकडे. पहिल्या वसंतात पाणी स्लॅबच्या कडेला उभं राहिलं. वादळात साइडिंगच्या (बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणाच्या) चार पट्ट्या शेजाऱ्याच्या अंगणात गेल्या, त्याच्या दोन माझ्याकडे आल्या, रंग एकच असल्यामुळे कोणाच्या कोणत्या ते कळेना.

विकताना खरी अडचण अशी की तुमच्या गल्लीच्या टोकाला तोच बिल्डर अजून बांधत असतो. तुमचं पाच वर्षं वापरलेलं आणि त्याचं कोरं, नकाशा एकच. तो क्लोजिंगचा खर्च देतो, व्याजाचा दर खाली आणून देतो. तुम्ही काय देणार? पडदे?

वीट_आणि_रेघ

मी शिकागोला असतो, आर्किटेक्ट आहे, दरवर्षी एकदा कोलंबसची वारी करतो. घरांच्या गप्पांत या गावाचं मुख्य वैशिष्ट्य, म्हणजे थोर वास्तुकारांच्या इमारती, कोणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च, त्याचा मुलगा ईरोची १९५४ ची बँक, आय. एम. पेईची १९६९ ची लायब्ररी, व्हेंचुरीचं अग्निशमन केंद्र. कमिन्सचे अर्विन मिलर यांनी कमिन्स फाउंडेशनतर्फे सांगितलं की गावाने सार्वजनिक इमारतींसाठी आम्ही सुचवलेल्या यादीतून वास्तुकार निवडावा, त्याची फी आम्ही देऊ. पहिली शाळा १९५७ ला झाली, हॅरी वीजने केलेली. पन्नास हजारांच्या गावात असं भांडार जगात क्वचित असेल. डाउनटाउनजवळचं ते १९२० चं घर घ्या, चालत लायब्ररीला जाल!

फलटणचा_मुक्काम

पर्यटक बस भरून येतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी इंडियानापोलिसला परत जातात. घर घ्यायला त्यातलं कोणी थांबत नाही. सारिनेनमुळे माझ्या घराचा भाव एक डॉलरने वाढलेला मला दिसला नाही. फी दिली ती शाळांची आणि अग्निशमन केंद्रांची, आमच्या रॅन्चची नव्हे.

वीट_आणि_रेघ

दादा, तेच तर म्हणतोय. थोर वास्तुकारांनी इथं माणसांची घरं फारशी केलीच नाहीत. मिलर यांचं स्वतःचं १९५७ चं घर सोडा, ते आता संग्रहालयाच्या ताब्यात आहे आणि तिकीट काढून बघायचं. गावाने घरं बांधली ती इंडियानातल्या इतर गावांसारखीच : युद्धाआधी लाकडी दुमजली आणि बंगले, १९५० पासून विटांची बैठी रॅन्च, सत्तरीत अर्धा जिना वर अर्धा खाली असली स्प्लिट-लेव्हल, मग दोन गाड्यांचं गॅरेज पुढे काढलेली विनाइलची. फायदा भावात नाही, पण शाळा चांगल्या दिसतात आणि बागा जागेवर आहेत. दवाखान्यात, कारखान्यात बाहेरून माणूस आणताना गाव दाखवता येतं. मिलर यांचा हेतूही चांगली माणसं गावात टिकावीत हाच होता.

फलटणचा_मुक्काम

हे मान्य. माझी बायको इंटरव्ह्यूला आली तेव्हा लायब्ररीसमोरची शिल्पकार हेन्री मूरची कमान बघूनच हो म्हणाली होती. मी अजून ऐकतोय.

वीट_आणि_रेघ

कर्वेनगरच्या ताईंसाठी व्यवसायातलं बोलतो, प्रेमातलं नाही. १९२० च्या घरात भिंतीत जुनी उघड्या तारांची वायरिंग उरली असेल तर विमा कंपनी नाक मुरडते. १९७८ च्या आधीचं घर म्हणजे शिशाचा रंग गृहीत धरा. लेक लहान आहे, खिडकीच्या चौकटी घासून रंगवायच्या भानगडीत स्वतः पडू नका. मैलापाण्याची नळी मातीची असेल, तिच्यात झाडांची मुळं शिरतात. दीड-दोनशे डॉलरमध्ये कॅमेरा घालून बघतात. तेवढे वाचवून नंतर अंगण खणलेलं मी पाहिलंय. रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणी मात्र चारही घरांत, नव्यातसुद्धा. वास नाही, रंग नाही, जमिनीतून येतो. ४ पिकोक्युरीच्या वर निघाला तर विकणाऱ्याकडून पंखा-पाइप बसवून मागा, इंडियानात हे नेहमीचं आहे, कोणी रागावत नाही.

१९६२ चं रॅन्च मला या चारांत सगळ्यात धड वाटतं. वीट खरी, लाकूड जुनं आणि घट्ट, छप्पर साधं. क्रॉलस्पेसमध्ये (घराखालच्या, रांगत जायच्या पोकळीत) मात्र माणूस खाली उतरवा.

साठ_दिवस

बराच वेळ लिहू की नको करत होतो. मी २००६ ला कोलंबसला घेतलं आणि २००९ ला तोट्यात विकून गेलो.

ट्रकचा धंदा लाटांचा आहे. जानेवारी २००७ पासून धुराचे कडक नियम लागणार होते, म्हणून २००६ मध्ये सगळ्यांनी जुन्या इंजिनाचे ट्रक आधीच घेऊन ठेवले. गाव गजबजलेलं, ओव्हरटाइम, घरांना मागणी. मीही त्याच लाटेत घेतलं आणि मला वाटलं हेच नेहमीचं. २००७ मध्ये ऑर्डरी पडल्या, २००८ ला पूर, मग मंदी. माझी नोकरी गेली ती एका छोट्या सप्लायरकडची, पण तो तरी कोणाच्या जिवावर होता?

शहर मोठं असतं तर त्याच घरात राहून दुसरी नोकरी शोधली असती. इथं दुसरी नोकरी म्हणजे बहुधा दुसरं गाव. आणि ज्या महिन्यात मी पाटी लावली त्याच महिन्यात गल्लीत आणखी तीन पाट्या होत्या, सगळ्यांचं कारण एकच. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना आहे, जपानी सुटे भागवाले आहेत, पण तेही बहुतेक चाकाभोवतीच फिरतात.

एच-वन-बीवर नोकरी गेली तर मुदत जास्तीत जास्त साठ दिवस. साठ दिवसांत घर विकलं जात नाही, गेलं तर पडेल भावात. म्हणून एकच सांगतो, दोघांपैकी एकाच्या पगारात हप्ता बसला पाहिजे आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला हवेत. आणि दोघं एकाच कंपनीत असाल तर दोघांचे पगार एकच पगार धरा.

कर्वेनगरची

हे वाचून दोघं बराच वेळ गप्प बसलो. सुदैवाने नवरा इंडियानापोलिसच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. साठ_दिवस, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

बाणेरहून

मी पुण्यात असतो, चुलतभाऊ तिथं आहे. दोन घरं घेऊन भाड्याने द्यायचा विचार आहे. इंजिनीअर येत-जात असतात, भाडेकरूंची कमी नसावी ना?

करकाकू

भाडेकरू मिळतील. पण राहत्या घराची १ टक्क्याची मर्यादा तुम्हाला नाही, २ ची आहे. होमस्टेडची वजावट नाही. व्याजदर गुंतवणूकदाराला जास्त. फर्नेस बंद पडेल जानेवारीत रात्री दोन वाजता, तेव्हा तुमच्याकडे दुपार असेल आणि भाऊ फोन उचलणार नाही. शिवाय तुम्ही अमेरिकेच्या कराच्या दृष्टीने परदेशी. विकताना गिऱ्हाईक साधारणपणे किमतीच्या १५ टक्के कापून सरकारजमा करतं. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. नंतर रिटर्न भरून जास्तीचे परत मिळवायचे.

हे इथल्या मंडळींनाही लागू आहे. कायमचे पुण्याला गेलात आणि वर्ष-दोन वर्षांनी घर विकलंत, तर तेव्हा तुम्हीही परदेशी. घेणारा स्वतः राहणार असेल आणि किंमत तीन लाखांपर्यंत असेल तर कापत नाहीत, दहा लाखांपर्यंत १० टक्के. जाण्याआधी विकता आलं तर उत्तम. पाचपैकी दोन वर्षं स्वतः राहिलेल्या घराचा नफा जोडप्याला पाच लाखांपर्यंत करमुक्त असतो, पण ती दोन वर्षं विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत बसली पाहिजेत.

बाणेरहून

बाणेरातच एक वन-बीएचके बघतो.

तळ्याकाठची

एक विसरले. ओटा बघा! जुन्या रॅन्चमध्ये चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. मिरचीच्या फोडणीला धुराचा अलार्म वाजतो आणि लेक रडते. भिंत बाहेरची असेल तर भोक पाडून पाइप काढता येतो. आतली असेल तर सासूबाई गॅरेजमध्ये शेगडी मांडतील. विकणारे गोरे असतील तर हे त्यांच्या डोक्यातही आलेलं नसतं, आणि विकत घेणारे देसी असतील तर ते नाकाने घर बघतात.

कर्वेनगरची

अपडेट. एव्हररोड पार्कच्या रॅन्चवर ऑफर टाकली, २,३१,००० ला मान्य झाली. दुसरी ऑफर जास्तीची होती, पण त्यांना आपलं घर आधी विकायचं होतं, आम्हाला नव्हतं. नवऱ्याने नव्या घराच्या सेल्समनला कराबद्दल विचारलं तेव्हा तो "पहिल्या वर्षी अगदी कमी आहे" म्हणाला. तिथंच नवऱ्याचं मतपरिवर्तन झालं.

समोरच्या आजोबांना २००८ चं विचारलं. म्हणाले, पाणी दोन गल्ल्या पलीकडे थांबलं, मी इथं खुर्ची टाकून बघत होतो. त्यांनी घर १९७१ ला घेतलंय आणि आमच्या होऊ घातलेल्या घराच्या आधीच्या तिन्ही मालकांची नावं, कुत्र्यांसकट, सांगितली.

इन्स्पेक्शन काल झालं. छप्पर नऊ वर्षांचं. फर्नेस २००३ ची, म्हणजे आजी. क्रॉलस्पेसमध्ये प्लॅस्टिक फाटलंय आणि एका कोपऱ्यात ओल. रेडॉन ५.१, पाइप-पंखा विकणारे बसवून देतायत. नळीच्या कॅमेऱ्यात मेपलची मुळं दिसली, तो व्हिडिओ सासऱ्यांनी तीनदा बघितला. त्यासाठी ते क्लोजिंगला दोन हजार सोडतायत, फर्नेसला नाही म्हणाले. घर पश्चिममुख आहे, पण यावर सासूबाईंनी बोलायचं नाही असं ठरलंय.

चुलीची भिंत बाहेरची आहे. तळ्याकाठची ताई, भोक पाडणारा कोणी माहीत आहे का?

तळ्याकाठची

अभिनंदन! फलटणच्याने स्वतःच्या घरात स्वतः पाडलं होतं. दोनदा.

फलटणचा_मुक्काम

पहिलं कपाटात निघालं. आता अनुभवी आहे. क्लोजिंग झालं की शनिवारी येतो, शिडी तुमची.